शेरा

ट्रॉम्बेच्या डोंगराला कमरेपाशी एक दार होतं.
आत तीन बोगदे, आणि तिसऱ्यात
माझा आजा, भागोजी तांबे,
तांब्याच्या हातोडीनं
पेट्यांची झाकणं ठोकत बसलेला.
आडनाव बघूनच हातोडी दिली, असं म्हणायचा
आणि स्वतःच हसायचा, दरवेळी, आमच्या आधी.

लोखंड आत चालत नसे.
दारावरचा पठाण काडेपेटी काढून घेई, विड्या, नाणी,
करदोट्याची किल्ली,
एकदा तर आजीनं बांधलेला ताईत,
कारण आत पितळ की पोलाद, कोण उकलून बघणार.

मग एक खोली.
खोलीच्या मधोमध गुडघ्याएवढी फळी, लाल.
अलीकडे तुमचे कपडे, तुमच्या वहाणा, तुमची धूळ.
पलीकडे सरकारी सदरा, बिनखिळ्यांचे कापडी जोडे.
साहेबाच्या नियमात अलीकडचं ते 'घाण',
पलीकडचं ते 'स्वच्छ'.
तशी पाटीच होती, तीन भाषांत.
मराठी अक्षरं गद्रे कारकुनाची, वळणदार.
ती रंगवून झाल्यावर
गद्रे अख्खं युद्ध अलीकडेच बसला.
त्याच्या वहाणांना खिळे होते.

आत काय होतं, आम्ही विचारायचो.
पेट्या.
पेट्यांत काय?
आकडे असायचे वर.
कुठल्या गावावर पडायचं ते लिहीत नसत.

दिवसातून तीनदा आजा आत जाऊन पारा वाचे,
कोरडा किती, ओला किती,
फळीपाशी येऊन मोठ्यानं सांगे.
गद्रे वहीत घाले.
वही कधी हातातून हातात आली नाही.
सही हवी असली की गद्रे ती जमिनीवर ठेवून
दोन पावलं मागे सरके.
आजा वाके. अंगठा नव्हे, सही,
पलटणीत शिकलेली.

पाचाचा भोंगा झाला की फळी ओलांडून परत.
खुंटीवर त्याचे कपडे,
आणि कपड्यांसोबत सकाळी आणखी जे जे काढून ठेवलेलं
तेही तिथंच, घडी न मोडता.

चव्वेचाळीसचा एप्रिल, तारीख चौदा.
गोदीत बोट फुटली.
इकडे ते आधी तळपायांना कळलं, मग कानांना.
पठाण खाडीकडे पळाला.
गद्रे पळाला तो उलटा,
फळीवरून उडी मारून थेट डोंगराच्या पोटात,
जिथं सगळ्यात जास्त दारू,
खिळ्यांच्या वहाणांसकट.

आजानं त्याला विसाव्या पावलावर धरलं.
'रावसाहेब, पाय टेकू नका.'
आणि उचलला,
टोपीसकट, जानव्यासकट,
मामानं नवरी आणावी तसा छातीशी धरून
वीस पावलं चालला, सावकाश,
कारण आत धावायचं नाही, हाही नियमच.
'वजन काहीच नव्हतं रे,' आजा म्हणायचा,
'पेटी जड.'

अर्ध्या तासानं दुसरा आवाज झाला
तेव्हा दोघं फळीच्या दोन बाजूंना बसले होते.
गद्र्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला की नाही,
याला आजाकडे दरवेळी वेगळं उत्तर असे.
कधी केला. कधी नुसता बघत राहिला.
एकदा म्हणाला, तहान कुणाला होती तेव्हा.

दार आता नाही.
दगड रचून बुजवलंय, वरून चुना,
समोरून तेलाच्या नळ्या गेल्यात.
वही मात्र माझ्याकडे आहे.
डेपो मोडला तेव्हा रद्दीत निघाली,
आजानं चार आण्यांना घेतली.

चौदा एप्रिल, सायंकाळ.
कोरडा शहाऐंशी, ओला एकोणऐंशी.
शेरा : काही नाही.

'नाही'चा काना जरा वाकडा आहे.
हात असेल,
किंवा नेमका तेव्हा डोंगर हलला असेल.
खाली आजाची सही.
ती सरळ.